लाइन भरण्याआधी: बेळगाव-निपाणी भागातल्या उद्योगांसाठी डीडॉस हल्ल्याविरुद्धची तयारी

उद्यमबागेतल्या फाउंड्रीची वेबसाइट दोन तास बंद राहिली तर फारसं बिघडत नाही. पण कारखान्याचं इंटरनेटच गेलं तर ई-वे बिल निघत नाही, आणि ५० हजारांवरचा माल घेऊन कोल्हापूरला जाणारा ट्रक गेटवर उभा राहतो. पतसंस्थेचं याच्या उलट. ऑफिसचं इंटरनेट गेलं तर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दिवस निघतो, पण ॲप बंद पडलं की सभासद काउंटरवर जमतात आणि अफवा गावभर होते. निपाणीच्या तंबाखू व्यापाऱ्याचं टॅली पेढीतल्या संगणकावर असतं आणि गोदामातली माणसं ते रिमोटने उघडतात. त्याचा सगळा व्यवहार एका उघड्या पोर्टवर, म्हणजे इंटरनेटवरून संगणकात शिरायच्या दारावर, टांगलेला असतो. डीडॉस हल्ला तिघांवर एकाच रीतीने होतो: हजारो यंत्रांवरून एकदम निरुपयोगी ट्रॅफिक सोडायचं आणि खऱ्या गिऱ्हाइकाला जागाच उरू द्यायची नाही. बचाव मात्र तिघांचा वेगळा आहे.

म्हणून सुरुवात एका कागदापासून करा. चार रकाने आखा: कोणती सेवा, ती कोणत्या आयपीवर (इंटरनेटवरच्या पत्त्यावर) आणि कोणत्या लाइनवर चालते, ती बाहेरून कोण वापरतं, आणि किती वेळ बंद राहिली तर चालेल. वेबसाइट, मेल, टॅली किंवा ईआरपी, रिमोट डेस्कटॉप, सीसीटीव्ही, बायोमेट्रिक हजेरी, शाखांची जोडणी, बँकेचं आणि जीएसटीचं काम, सगळं त्यात आलं पाहिजे. हा कागद करताना बहुतेक ठिकाणी एक गोष्ट उघडी पडते: सगळं एकाच स्थिर आयपीवर, एकाच फायबरवर चाललेलं असतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या हीच गाठ सोडवण्यासाठी आहेत.

हल्ला कुठे बसतो

हल्ल्याचे ढोबळ तीन प्रकार. पहिला लाइन भरण्याचा. हल्लेखोर तुमच्या आयपीच्या नावाने खोटी विचारणा एखाद्या उघड्या डीएनएस सर्व्हरला (साइटच्या नावाचा आयपी सांगणाऱ्या यंत्राला) पाठवतो. विचारणा साठेक बाइटची, उत्तर तीन हजार बाइटचं, आणि ते उत्तर येऊन आदळतं तुमच्यावर. म्हणजे ५० पट. त्याच्याकडे २० एमबीपीएस असतील तर तुमच्याकडे १ जीबीपीएस येतं, आणि तुमची लाइन असते १०० एमबीपीएसची. जुन्या एनटीपी (घड्याळाची वेळ सांगणाऱ्या) सर्व्हरवर ही वाढ साडेपाचशे पटींपर्यंत जाते. मेमकॅश्ड या, डेटा तात्पुरता स्मृतीत ठेवणाऱ्या सर्व्हरवर ती ५१ हजार पटींपर्यंत जाऊ शकते. फेब्रुवारी २०१८ मध्ये गिटहब या प्रोग्रामरांच्या साइटवर १.३५ टीबीपीएसचा मारा झाला तो याच मार्गाने.

दुसरा प्रकार राउटर किंवा सर्व्हर दमवण्याचा. सिन फ्लडमध्ये जोडणीची अर्धीच विनंती येते आणि पुढचं उत्तर कधी येतच नाही. तिसरा वेबसाइटवरचा: ट्रॅफिक थोडं, पण प्रत्येक विनंती महागडी. शोध, लॉगिन, ओटीपी, अहवाल अशी पानं पुन्हा पुन्हा मागून डेटाबेस गुडघ्यावर आणायचा.

पहिल्या प्रकारात तुमच्या ऑफिसातलं फायरवॉल कितीही महाग असलं तरी काही करू शकत नाही, कारण पॅकेट (डेटाचा तुकडा) त्याच्यापर्यंत येईतो लाइन भरलेली असते. रविवार पेठेतली गल्ली ट्रकांनी तुंबली तर दुकानाचं शटर भक्कम असून काय उपयोग? ट्रक गल्लीच्या तोंडाशीच अडवावे लागतात. ते तोंड म्हणजे तुमचा इंटरनेट पुरवठादार आणि त्याच्याही वरचा. बरेच मालक नेमकी इथेच चूक करतात. सगळं बजेट ऑफिसातल्या पेटीवर खर्च होतं आणि पुरवठादाराशी बोलायचं राहून जातं.

सगळ्यात स्वस्त उपाय: लाइनींची वाटणी

बाहेरच्यांना दिसणारी कोणतीही सेवा आणि ऑफिसचं रोजचं काम एका आयपीवर ठेवू नका. वेबसाइट आणि मेल होस्टिंगवर किंवा क्लाउडवर हलवा. ऑफिसच्या लाइनवरून फक्त आतून बाहेर जाणारं काम चालू द्या. बाहेर काही उघडंच नसेल तर तुमचा आयपी शोधायला हल्लेखोराला फारसं कारण उरत नाही.

दुसरी लाइन घ्या, पण ती खरोखर दुसरी असू द्या. दोन वेगळ्या कंपन्यांची फायबर हेस्कॉमच्या (वीज कंपनीच्या) त्याच खांबांवरून आली असेल तर रस्त्याच्या कामात दोन्ही एकदम तुटतात. एक फायबर आणि एक ४जी किंवा ५जी राउटर ही जोडी छोट्या ऑफिसला पुरते. या दुसऱ्या लाइनचा आयपी कुठल्याही डीएनएस नोंदीत, मेलच्या सहीत किंवा सीसीटीव्हीच्या ॲपमध्ये येऊ देऊ नका. तो माहीत झाला की दोन्ही लाइनी एकदम भरता येतात. ई-वे बिल, बँक आणि जीएसटीचं काम करणाऱ्या दोन संगणकांना ही लाइन कशी द्यायची ते आजच ठरवून ठेवा. जीएसटीआर-१ च्या ११ तारखेला आणि ३बी च्या २० तारखेला शोधत बसायची ही गोष्ट नाही.

टॅलीसाठी रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ पोर्ट थेट इंटरनेटवर उघडं ठेवू नका. पासवर्ड फोडण्याचा धोका तर आहेच, शिवाय या पोर्टचं यूडीपी (आधी जोडणी न करता डेटा पाठवण्याची पद्धत) रूप वापरून दुसऱ्यांवर हल्ले चढवले जातात आणि त्यात वाढ सुमारे ८६ पट होते. म्हणजे तुमच्या पेढीतला संगणक दुसऱ्या कुणावर तरी मारा करत असतो आणि तुमचीच लाइन मंद का झाली ते कळत नाही. व्हीपीएन (ऑफिसपर्यंतचा खाजगी बंदिस्त मार्ग) लावा, मगच रिमोट.

पुरवठादाराला आज विचारायच्या गोष्टी

मोठी कंपनी असो वा गावातला केबलवाला, हे प्रश्न लेखी विचारा आणि उत्तर मेलवर घ्या:

- चोवीस तास उचलला जाणारा नियंत्रण कक्षाचा नंबर कोणता? विक्री प्रतिनिधीचा मोबाइल रात्री दोन वाजता कामाचा नाही.
- आमचा सर्किट क्रमांक काय? तो विचारल्याशिवाय तिकीट उघडत नाही, आणि तो बिलावर असेलच असं नाही.
- हल्ला झालेला आयपी ब्लॅकहोल करता का? किती मिनिटांत? सांगितल्यावर नवा आयपी किती वेळात देता?
- विशिष्ट सोर्स पोर्टवरून (पाठवणाऱ्या बाजूच्या पोर्टवरून) येणारं यूडीपी तुमच्या बाजूला अडवता का?
- ट्रॅफिक धुऊन देण्याची, म्हणजे स्क्रबिंगची सोय आहे का? दर महिन्याचा की प्रत्येक हल्ल्याचा?

ब्लॅकहोल म्हणजे त्या आयपीकडे येणारं सगळं ट्रॅफिक, चांगलं आणि वाईट दोन्ही, वरच टाकून देणं. त्या आयपीवरची सेवा पूर्ण बंद पडते, पण बाकीची लाइन वाचते. सेवा वेगवेगळ्या आयपीवर असतील तरच याचा फायदा. सगळं एकाच आयपीवर असेल तर ब्लॅकहोल मागणं म्हणजे हल्लेखोराचं काम आपणच पुरं करणं. म्हणून लीज्ड लाइन (फक्त तुमच्यासाठीची भाड्याची लाइन) घेताना किमान चार-आठ आयपींचा गट मागा.

सोर्स पोर्टबाबत एक बारकावा. परावर्तित हल्ल्याची (वरचा पहिला प्रकार, दुसऱ्याच्या सर्व्हरवरून आदळणारा) पॅकेटं त्या सेवेच्या पोर्टवरून निघतात: १२३ एनटीपी, ३८९ सीएलडॅप, १९०० एसएसडीपी, ११२११ मेमकॅश्ड. अडवायचं ते सोर्स पोर्टवर. डेस्टिनेशन पोर्टचा नियम करून काही हाती लागत नाही. ५३ सरसकट अडवलं तर तुमचंच डीएनएस बंद पडेल, त्यामुळे तुम्ही वापरता ते दोन रिझॉल्व्हर (डीएनएस सर्व्हर) सोडून बाकीचं अडवा. १२३ चंही तसंच, तुमचा वेळेचा सर्व्हर सोडून. आणि घाबरून सगळं यूडीपी बंद करायला सांगू नका. व्हिडिओ मीटिंग आणि आजच्या ब्राउझरची बरीच वाहतूक त्यावरच चालते.

नियंत्रण कक्ष बहुधा बेंगळुरूला किंवा आणखी लांब असतो. हल्ल्याच्या वेळी मराठीतून समजावत बसण्यापेक्षा सर्किट क्रमांक, हल्ला झालेला आयपी, सुरू झाल्याची वेळ आणि मागणी असा पाच ओळींचा मसुदा इंग्रजीत आणि कन्नडमध्ये तयार ठेवा. छापून राउटरच्या रॅकवर चिकटवा, कारण त्या वेळी मेलच उघडत नसतो.

वेबसाइट पडद्याआड नेणं

वेबसाइटसमोर क्लाउडफ्लेअरसारखी, साइटचं ट्रॅफिक आधी स्वतःकडे घेऊन गाळणारी सेवा लावणं हा सगळ्यात परिणामकारक उपाय आहे, आणि तिच्या मोफत योजनेतही डीडॉसचं संरक्षण मिळतं. ते संरक्षण फक्त वेबच्या वाहतुकीला लागू होतं; मेल आणि रिमोट डेस्कटॉप त्यात येत नाहीत. क्रम महत्त्वाचा आहे, आणि बहुतेक फजिती क्रम चुकल्याने होते.

आधी सध्याच्या सगळ्या डीएनएस नोंदी उतरवून घ्या. नवी सेवा त्या आपोआप शोधते, पण सगळ्या सापडतात असं नाही. मेल कुठे पोहोचवायचा आणि कोणाचा खरा मानायचा ते सांगणाऱ्या एमएक्स, एसपीएफ आणि डीकिम नोंदी एकेक करून ताडून पाहा, नाहीतर दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांचे मेल यायचे थांबतात. डोमेनवर डीएनएसएसईसी (डीएनएसच्या उत्तरांवरची डिजिटल सही) चालू असेल तर आधी ते रजिस्ट्रारकडे (डोमेन विकणाऱ्या कंपनीकडे) बंद करा, एक-दोन दिवस थांबा, मगच नेमसर्व्हर (डोमेनच्या नोंदी ठेवणारे सर्व्हर) बदला. हे विसरलं तर साइट अनेकांसाठी दिसेनाशी होते आणि कारण लवकर सापडत नाही. नेमसर्व्हरचा बदल सगळीकडे पोहोचायला २४ ते ४८ तास धरा. हल्ला चालू असताना हे काम हातात घेऊ नये ते याचसाठी.

त्यानंतर मूळ सर्व्हरचा आयपी बदला. जुना आयपी डीएनएसच्या इतिहासात नोंदलेला असतो आणि कुणालाही सापडतो. मेल त्याच सर्व्हरवर असेल तर नवा आयपीही मेलच्या नोंदीतून उघडा पडेल, म्हणून मेल वेगळीकडे न्या. सीपॅनल, एफटीपी, जुनं टेस्ट अशी उपनावं तपासा. एखादं हमखास थेट सर्व्हरकडे बोट दाखवत असतं. शेवटी फायरवॉलवर ८० आणि ४४३ ही पोर्टं फक्त त्या सेवेच्या आयपी पट्ट्यांना उघडी ठेवा. झालं की मोबाइल डेटावरून मूळ आयपी थेट ब्राउझरमध्ये टाकून पाहा. पान उघडलं तर पडदा अजून फाटका आहे.

आता मर्यादा घालणं. आपल्याकडे मोबाइल कंपन्या शेकडो गिऱ्हाइकांना आयपीव्ही४ या जुन्या पत्त्यांच्या पद्धतीत एकच आयपी वाटून देतात. एका आयपीवरून मिनिटाला १० विनंत्यांची मर्यादा घातली तर पगाराच्या दिवशी चिकोडीतले तुमचेच सभासद बाहेर राहतील. म्हणून साध्या पानांवर मर्यादा सैल ठेवा, लॉगिन आणि शोधावर आधी ब्राउझरची चाचणी लावा, आणि साइटवर नव्या पद्धतीचं आयपीव्ही६ चालू करा म्हणजे एकेक वापरकर्ता वेगळा ओळखता येतो. ओटीपीची मर्यादा आयपीवर नको, मोबाइल नंबरवर हवी: १० मिनिटांत तीन पुरे. ती नसेल तर हल्लेखोर तुमच्या खर्चाने हजारो एसएमएस पाठवतो. शिवाय दिवसाच्या एकूण एसएमएसवर इशाऱ्याची मर्यादा ठेवा.

परदेशी ट्रॅफिक अडवण्याचा मोह होतो. खानापूरच्या पतसंस्थेला तो तात्पुरता चालेल. परदेशात हायड्रॉलिक सुटे भाग पाठवणाऱ्या मच्छेच्या कारखान्याला चालणार नाही. दोघांनीही पेमेंट गेटवेच्या उलट संदेशांचे आयपी आधी सूट यादीत टाकावेत. ते राहिले तर गिऱ्हाइकाच्या खात्यातून पैसे जातात आणि तुमच्याकडे पावती बनत नाही.

राउटर आणि सर्व्हर

इकडच्या छोट्या ऑफिसांत मायक्रोटिक कंपनीचे राउटर बरेच दिसतात. त्यात आयपी, मग डीएनएस इथे "अलाउ रिमोट रिक्वेस्ट्स" ही खूण असते. आतल्या संगणकांसाठी ती लावली जाते, पण वॅनच्या (इंटरनेटच्या) बाजूने ५३ पोर्ट बंद केलं नाही तर तुमचा राउटर जगाला उघडा डीएनएस सर्व्हर होतो. वॅनवरून येणारं ५३ यूडीपी आणि टीसीपी दोन्ही अडवा. विनबॉक्स या राउटर चालवायच्या प्रोग्रामचं ८२९१ पोर्ट, टेलनेट, एफटीपी आणि एपीआय बाहेरून बंद करा आणि राउटरचं सॉफ्टवेअर राउटरओएस अद्ययावत ठेवा. विनबॉक्समधली एक गंभीर त्रुटी २०१८ सालीच दुरुस्त झाली होती, तरी न सुधारलेले मायक्रोटिक राउटर २०२१ च्या मेरिस (ताब्यात घेतलेल्या यंत्रांचं जाळं) हल्ल्यांत सापडलेच. अडवण्याचे नियम "रॉ" तक्त्यात लिहा; तिथे पॅकेट जोडण्यांच्या नोंदवहीत जाण्याआधीच टाकून दिलं जातं आणि प्रोसेसर वाचतो.

प्रोसेसरचा हिशोब एमबीपीएसमध्ये करू नका. सगळ्यात लहान पॅकेटांनी १०० एमबीपीएस भरायला सेकंदाला सुमारे १ लाख ४८ हजार पॅकेटं लागतात. बरेच स्वस्त राउटर त्याच्या खूप आधी मान टाकतात. राउटर घेताना फायरवॉलचे नियम लावलेले असताना सेकंदाला किती पॅकेटं पेलतो तो आकडा विचारा.

लिनक्स सर्व्हरवर सिन कुकीज (अर्धवट जोडण्या लक्षात न ठेवता उत्तर देण्याची सोय) चालू आहेत का ते पाहा. अर्धवट जोडणीला सर्व्हर सहसा पाच वेळा पुन्हा उत्तर देतो आणि ती जोडणी ६३ सेकंद धरून ठेवतो. ही संख्या दोनवर आणली तर जागा ७ सेकंदांत मोकळी होते. एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये हेडरसाठी (विनंतीच्या सुरुवातीच्या ओळींसाठी) थांबण्याची वेळ ६० सेकंद असते, ती १० करा. हळूहळू थेंब सोडून जागा अडवणारे हल्ले त्याने बरेच कमी होतात. एचटीटीपी-२ (वेब पानं मागवण्याची पद्धत) मधली रॅपिड रिसेट ही त्रुटी ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर झाली, तेव्हा त्याआधीचा वेब सर्व्हर असेल तर अद्ययावत करा. वर्डप्रेसवर एक्सएमएल-आरपीसी (बाहेरून साइट चालवण्याची जुनी सोय) वापरात नसेल तर बंदच ठेवा.

सीसीटीव्हीचा डीव्हीआर विसरू नका. बसवणारा माणूस मोबाइलवर चित्र दिसावं म्हणून पोर्ट उघडतो, कंपनीचाच पासवर्ड ठेवतो आणि निघून जातो. २०१६ चा मिराय हा घातक प्रोग्राम अशाच साठेक ठरावीक नाव-पासवर्डांच्या जोड्या वापरून कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेत होता. डीव्हीआर वेगळ्या व्हीलॅनवर (आतल्या नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात) टाका, राउटरवरचं यूपीएनपी (यंत्रांना आपोआप पोर्ट उघडू देणारी सोय) बंद करा.

हल्ला चालू आहे: पहिली पंधरा मिनिटं

आधी खात्री करा की हा हल्लाच आहे. फायबर तुटलं असेल तर ऑप्टिकल दिवा लाल होतो. केबलवाल्याच्या नोडची वीज गेली असेल तर शेजारच्या दुकानाचंही नेट बंद असतं. दिवा हिरवा, शेजार चालू आणि तुमचं बंद, असं असेल तर राउटरवर वॅनचा आलेख उघडा आणि दोन आकडे लिहून घ्या: आत येणारे एमबीपीएस आणि सेकंदाला पॅकेटं. एमबीपीएसचे बाइट करून पॅकेटांनी भागा. ९५ एमबीपीएस आणि ८ हजार पॅकेटं असतील तर सरासरी पॅकेट १,४८० बाइटच्या आसपास, म्हणजे परावर्तित मारा, पुरवठादाराला फोन. ६० एमबीपीएस आणि १ लाख १० हजार पॅकेटं असतील तर पॅकेट ६८ बाइटचं, म्हणजे सिन फ्लडसारखा प्रकार; राउटर दमतोय, लाइन नाही. आत काहीच नाही आणि बाहेर जाणारं भरलं असेल तर तुमच्याच एखाद्या यंत्रावरून मारा सुरू आहे; एकेक केबल काढत आलेख कधी पडतो ते पाहा. दोन्ही शांत आणि फक्त साइट मंद असेल तर सर्व्हरच्या नोंदी उघडा आणि सगळ्यात जास्त मागितलं जाणारं पान शोधा.

मायक्रोटिकचं "टॉर्च" सोर्स पोर्ट दाखवतं. ते दहा-पंधरा सेकंदच चालवा, कारण दमलेल्या राउटरला ते आणखी दमवतं. पडद्याचा फोटो काढून ठेवा.

मग क्रमाने: ई-वे बिलाचे संगणक दुसऱ्या लाइनवर, पुरवठादाराकडे तिकीट आणि फिल्टरची मागणी, साइटवर क्लाउडफ्लेअरचा "अंडर अटॅक मोड", आणि सभासदांना एसएमएस की सेवा मंद आहे, ठेवी सुरक्षित आहेत. राउटर पुन्हा पुन्हा बंद-चालू करू नका. नोंदी पुसल्या जातात आणि हल्ला तसाच राहतो. तासाभरात फिल्टर लागलं नाही तर ब्लॅकहोल आणि नवा आयपी मागा.

बिटकॉइन मागणारा मेल आला तर उत्तर देऊ नका, पैसे देऊ नका. असे मेल पुष्कळदा प्रसिद्ध टोळीचं नाव लावून, दहा-वीस मिनिटांचा नमुना हल्ला करून पाठवलेले असतात. पैसे दिले की तुमचं नाव देणाऱ्यांच्या यादीत जातं. मेल हेडरसकट जपा.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार डीडॉस हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणं बंधनकारक आहे. टोल-फ्री क्रमांक १८००-११-४९४९. नोंदी १८० दिवस भारतात ठेवायच्या आणि यंत्रांची घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवायची, हेही त्यातच आहे. घड्याळ जुळलेलं नसेल तर तुमच्या आणि पुरवठादाराच्या नोंदी एकमेकींना लागत नाहीत आणि पुरावा पोकळ होतो. पोलीस तक्रार सायबर गुन्ह्यांच्या (सीईएन) पोलीस ठाण्यात द्या. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ आणि ६६ या कलमांखाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. अर्ज कन्नड किंवा इंग्रजीत असेल तर काम लवकर पुढे सरकतं. सहकारी बँकेला रिझर्व्ह बँकेलाही वेगळं कळवावं लागतं.

तालीम, आणि नंतरचं काम

वर्षातून दोनदा, रविवारी सकाळी मुख्य फायबर काढा आणि दुसऱ्या लाइनवरून एक ई-वे बिल आणि एक बँकेचं काम होतं का ते पाहा. पुरवठादाराच्या रात्रीच्या नंबरवर खरोखर रात्री फोन लावा. भाड्याने हल्ला करून देणाऱ्या साइटवरून स्वतःवर चाचणी घेऊ नका. तो गुन्हाच आहे आणि त्यात शेजाऱ्यांचीही लाइन बसते.

हल्ला थांबल्यावर लगेच सुटकेचा श्वास टाकू नका. सगळ्यांचं लक्ष लाइनकडे असताना आत शिरकाव करण्याची पद्धत जुनी आहे. त्या काळातले बँक व्यवहार, नवे ॲडमिन खाते, बदललेले पासवर्ड आणि मेल पुढे पाठवण्याचे नियम तपासा. एक-दोन दिवस आलेख शांत राहिला की तात्पुरते नियम एकेक करून काढा आणि प्रत्येक नियम काढल्यावर तासभर थांबा. परदेशी ट्रॅफिकवरची बंदी सगळ्यात आधी उठवा, कारण तिच्यामुळे अडलेली गिऱ्हाइकं फोन करून सांगत नाहीत.